पद हुकलं, काम कुठं हुकलंय?

मित्रमैत्रिणींनो,

या आठवड्याच्या टपालात एक चारपानी पत्र आलं. नववीतल्या एका मैत्रिणीचं. 'नाव छापू नका हं ताई,' असं तिनं दोनदा बजावलंय, म्हणून नाव-गाव गुपित. पण पत्रातला मजकूर मात्र तुम्हां सगळ्यांच्या उपयोगाचा आहे. ती लिहिते :

'ताई, आमच्या शाळेत इंटरॅक्ट क्लब आहे. मी सातवीपासून त्यात आहे. रद्दी गोळा करणं, झाडांना पाणी घालणं, रक्तदान शिबिराची पत्रकं वाटणं, सगळं केलं. यंदा अध्यक्षपदाला उभी राहिले आणि पडले. जी निवडून आली ती गेल्या वर्षी जेमतेम दोन सभांना आली होती, पण तिला बोलता छान येतं. आई म्हणते, "बरंच झालं. पुढच्या वर्षी दहावी आहे, सोडून दे तो क्लब." बाबा म्हणतात, "पदच नाही, तर प्रमाणपत्रावर काय लिहिणार?" मला काहीच सुचत नाही. राहू की सोडू? आणि खरं सांगू? मला तिचा रागसुद्धा येतो.'

राग येतो हे कबूल केलंस, हे फार छान केलंस. आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. पण त्याआधी, ज्यांच्या शाळेत असा क्लब नाही त्यांच्यासाठी दोन शब्द.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मेलबर्न नावाचं एक गाव आहे. (ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न वेगळं, बरं का!) तिथल्या हायस्कूलच्या २३ मुलांनी ५ नोव्हेंबर १९६२ रोजी पहिला इंटरॅक्ट क्लब सुरू केला. रोटरी क्लबची मोठी माणसं पाठीशी होती, पण कारभार मुलांचा. 'इंटरनॅशनल' आणि 'ॲक्शन' हे दोन शब्द जोडून 'इंटरॅक्ट' हे नाव झालं. आणि जगातला दुसरा क्लब कुठं निघाला असेल? आपल्याच देशात, तंजावरला! हो, भोसल्यांचं राज्य होतं तेच तंजावर. बारा ते अठरा वर्षांची मुलं-मुली यात असतात. आपला अध्यक्ष, सचिव, खजिनदार ती स्वतःच निवडतात आणि वर्षाला निदान दोन उपक्रम करतात. एक आपल्या शाळेसाठी किंवा गावासाठी, दुसरा देशादेशांत ओळख आणि स्नेह वाढावा म्हणून.

तुमच्या शाळेत याचं नाव वेगळं असेल. कुठं हरित सेना असेल, कुठं स्काउट-गाइड, कुठं नुसतंच 'सेवा मंडळ'. नावाला महत्त्व नाही. पण निवडणूक, बिल्ला, पद, फोटो हे सगळीकडे थोडंफार असतंच. आणि तिथंच गंमत होते.

आता माझीच एक गोष्ट सांगते. तिच्यात मी शहाणी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी मी नववीत होते. तालुक्याचं गाव. आमच्या शाळेतही असाच एक सेवेचा क्लब होता. त्याच्या अध्यक्षपदाला मी आणि माझ्याच वर्गातली एक मुलगी अशा दोघी उभ्या राहिलो. चिठ्ठ्या मोजल्या. मी चार मतांनी निवडून आले. छातीवर बिल्ला लागला. मी तो घरीसुद्धा काढत नव्हते. आजी म्हणायची, 'अगं, झोपताना तरी काढ, टोचेल!'

पहिलाच उपक्रम म्हणून आम्ही गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेलो. केळी नेली, बिस्किटांचे पुडे नेले, ढोलकी नेली. गाणी म्हटली. फोटो निघाला. निरोपाच्या भाषणात मी ठोकून दिलं, 'आजपासून आम्ही दर शनिवारी दुपारी चार वाजता इथं येऊ!' टाळ्यांचा कडकडाट. निघताना एका आजोबांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. म्हणाले, 'शनिवारी येशील तेव्हा माझ्या लेकीला चार ओळी लिहून देशील का? मला दिसत नाही गं.' मी म्हटलं, 'हो आजोबा, नक्की!'

पुढच्या शनिवारी स्नेहसंमेलनाची तालीम होती. त्याच्या पुढच्या शनिवारी चाचणी परीक्षेचा अभ्यास. मी शब्द मोडला असंही म्हणता येणार नाही, कारण शब्द दिल्याचंच मी विसरून गेले होते!

तिसऱ्या शनिवारी तालमीला ढोलकी हवी झाली आणि आठवलं, ती तर तिकडेच राहिली. सायकल काढली आणि गेले. पाहते तर काय, व्हरांड्यात ते आजोबा बसलेले आणि त्यांच्या शेजारी, मांडीवर पाटी ठेवून अंतर्देशीय पत्र लिहीत बसलेली, माझ्याविरुद्ध हरलेली ती मुलगी! आजोबा सांगत होते, 'लिही, इकडे थंडी पडू लागली आहे. स्वेटर आहे, पाठवू नकोस.' आणि ती लिहीत होती.

पत्र झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं. विचारलं, 'तू इथं कशी?'

ती म्हणाली, 'पहिल्या शनिवारी मी दळण घेऊन इथून चालले होते. आजोबा फाटकाजवळच्या बाकावर बसलेले. हातात कोरं अंतर्देशीय. वॉचमनकाका म्हणाले, चारपासून बसलेत, आत या म्हटलं तर म्हणतात, मुलं यायची आहेत. तेव्हा दिवे लागले होते गं.'

माझ्या पोटात गोळाच आला. तरी मी उलट तिलाच म्हणाले, 'मग मला का नाही सांगितलंस?'

'सांगणार होते. पण वाटलं, तू म्हणशील, हरली म्हणून माझ्या चुका काढत फिरते.'

मी आजोबांची माफी मागितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि म्हणाले, 'अगं, मुलं म्हणजे विसरायचीच!' ते वाक्य मला त्या बिल्ल्याच्या टाचणीपेक्षा जास्त टोचलं.

पुढच्या सभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. जीभ अडखळत होती, पण सांगितलं. मग एक शंभर पानी वही केली. प्रत्येक शनिवारपुढं दोन नावं आणि त्यातलं कुणी आजारी पडलं तर बदलीचं तिसरं नाव. वही तिच्याकडे दिली. क्लबात नावं होती चाळीस. शनिवारी येणारे उरले नऊच. पण ते नऊ मार्चपर्यंत आले. पेपर वाचून दाखवणं, पत्रं लिहिणं, सुईत दोरा ओवून देणं. केळ्यांची गरज कुणालाच नव्हती! दहावीत गेल्यावर ती वही आम्ही मागच्या वर्गाच्या हातात दिली. त्यानंतर आणखी दोन वर्षं ते काम चालू होतं, एवढं मला ठाऊक आहे.

आता सांगा, त्या वर्षी पुढारी कोण होतं? बिल्ला माझ्याकडे होता. पण फाटकाजवळ बसलेला माणूस तिला दिसला आणि ती थांबली. पुढारीपण याहून वेगळं काय असतं?

गाडगे महाराज गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे आणि गाव झाडायचे. कीर्तन रात्री. त्यांना कुणी पद दिलं नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नव्हतं. पण त्यांना झाडताना पाहून गावकरीही झाडू घेऊन पुढे व्हायचे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तुम्ही पुढे कॉलेजात जाल तेव्हा ती तुम्हाला भेटेलच. तिचं ब्रीदच आहे, 'मी नव्हे, तुम्ही'. म्हणजे काम करताना आधी समोरच्याचा विचार.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. राहा. पण रुसून राहू नकोस आणि तिच्या चुका मोजायला तर मुळीच राहू नकोस. सरळ तिच्याकडे जा आणि म्हण, 'अभिनंदन. झाडांचं काम मी बघते, मला दोन मुलं दे.' एकच काम घे, पण ते शेवटपर्यंत तुझं. आणि काही चुकतंय असं दिसलं, तर तिला एकटीला गाठून, वेळेवर सांग. माझी मैत्रीण गप्प बसली, ही एवढी एकच चूक तिच्या हातून झाली.

आणखी एक. तिला छान बोलता येतं, हे तू थोडं नाक मुरडून लिहिलंयस. पण मुख्याध्यापकांची परवानगी काढायला, दुकानदारांकडून कुदळ-फावडी मागायला छान बोलणारं माणूस लागतंच की! तिचं बोलणं आणि तुझी चिकाटी एकत्र आली तर क्लबाचं भलंच होईल.

सगळं करून पाहिल्यावरही मन रमलं नाही, तर खुशाल सोड. त्यात कमीपणा नाही. फक्त हातात घेतलेलं काम कुणाच्या तरी हवाली करून सोड. कुणी फाटकाजवळ वाट बघत बसलेलं नको.

आणि जे निवडून आले आहेत त्यांच्यासाठी, माझ्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी :

१. आधी विचारा, मग न्या. 'तुम्हाला काय हवंय?' हा प्रश्न फुकट असतो. आजच्या आजी-आजोबांना पत्र लिहून नको असेल, पण परदेशातल्या नातवाशी मोबाइलवर समोरासमोर बोलायला मदत हवी असेल. (ती करा, पण त्यांचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही विचारू नका आणि बँकेचं काम असेल तर मोठ्यांना बोलवा.)

२. जेवढं पेलेल तेवढंच बोला. 'दर शनिवारी' म्हणण्यापेक्षा 'महिन्यातून एकदा' म्हणा, पण जा. आणि जाताना एकट्यानं नको. दोघं-तिघं मिळून, शिक्षकांना आणि घरी सांगून.

३. वही ठेवा. कोण येणार, काय ठरलं, पैसे किती आले, कशावर गेले. खजिनदारानं महिन्याचा हिशेब सूचना-फलकावर लावावा. दहा रुपयांची पावतीसुद्धा जपून ठेवा. म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही.

४. हरलेल्याला आधी भेटा. तुम्हाला जिंकल्याचा आनंद असतो, त्याला तुमच्याकडे यायला जड जातं. म्हणून पहिलं पाऊल तुमचं.

आता आई-बाबांनो, जरा इकडे कान द्या. दहावीची तुमची काळजी खरी आहे. पण आठवड्यातला एक तास सेवेला दिला म्हणून दहावी बुडत नाही. वेळापत्रक मुलांबरोबर बसून आखा, म्हणजे दोन्ही सांभाळता येईल. आणि प्रमाणपत्रावर काय लिहिलं जाईल, हे तुमच्या मुलीनं मला विचारलेलंच नाही. तिनं विचारलंय, राहू की सोडू. तिला ते काम आवडतं, म्हणून तर हा प्रश्न पडला! तेव्हा पुढच्या वेळी ती झाडांना पाणी घालून आली की, 'पद मिळालं का?' असं विचारण्याऐवजी 'झाडं कशी आहेत?' असं विचारून बघा. आणखी एक विनंती. उपक्रमाचे तक्ते, भाषणं, हिशेब तुम्ही करून देऊ नका. वाकडेतिकडे होऊ देत, पण त्यांचे त्यांना करू देत.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या शाळेतही असा क्लब असेल, तर मला जरूर लिहा. अध्यक्ष कोण आहे हे नाही लिहिलंत तरी चालेल. पण गेल्या महिन्यात तुम्ही कुणाला, काय विचारलंत आणि मग काय केलंत, ते मात्र सविस्तर कळवा. निवडणुकीत पडलेल्यांची पत्रं मी आधी वाचणार आहे, बरं का!

तुमची,
ताई