नको असलेल्या रणगाड्यांचा आग्रह

आपल्याकडे अब्राम्स रणगाडे पुरेसे आहेत, ओहायोतील लायमाच्या कारखान्यातले काम काही वर्षे थांबवावे, असे २०१२ साली अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल रे ओडिएर्नो यांनी संसदेला सांगितले. संसदेने ऐकले नाही. दोन वर्षांत सुमारे ४४ कोटी डॉलर लष्कराने न मागता त्याच्या माथी मारले गेले. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन आणि डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन यांचे एरवी पटत नसे. या प्रश्नावर मात्र दोघांचे एकमत होते.

पूर्वपक्ष म्हणतो, कारखाना बंद पडला की निष्णात वेल्डर पांगतील आणि तो पुन्हा सुरू करणे महागात पडेल. पण हा खर्च धरूनच लष्कराने हिशेब मांडला होता आणि त्यात थांबणेच स्वस्त ठरले होते.

दुसरा मुद्दा युक्रेनचा: अचानक युद्ध पेटले तर रणगाडे लागतात. युद्ध सांगून येत नाही, हे खरेच. पण २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला ३१ अब्राम्स दिले, ते साठ्यातले जुने रणगाडे दुरुस्त करून. साठा अपुरा नव्हता. लागले ते दुरुस्तीचे हात.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: निर्णय सेनापतींनी नव्हे, लोकप्रतिनिधींनी घ्यायचा. हे मला पूर्ण मान्य आहे. पण लष्कराचा सल्ला डावलायचा, तर त्यामागे संरक्षणाचे कारण हवे. मतदारसंघातला रोजगार हे संरक्षणाचे कारण होत नाही.

रोजगार क्षुल्लक आहे, असे मी म्हणत नाही. लायमाच्या कामगारांचे कसब ही देशाची ठेव आहे. म्हणूनच ती उघडपणे जपा. दुरुस्तीची किमान कामे द्या, नवे कौशल्य शिकवा, आणि हा खर्च रोजगाराच्या नावानेच अंदाजपत्रकात मांडा. मग शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या शेजारी ठेवून मतदार त्याचे मोल ठरवतील. संरक्षणाच्या नावाखाली तो दडवला, की ही तुलनाच होत नाही.

या दडवण्याची किंमत सैनिक मोजतो. २०१३ च्या सक्तीच्या खर्चकपातीत अमेरिकी लष्कराला बहुतेक तुकड्यांचे प्रशिक्षण आखडते घ्यावे लागले. सरावाला पैसा नाही आणि नको असलेल्या रणगाड्यांना आहे, याला देशरक्षण म्हणता येणार नाही. देशरक्षणासाठी म्हणून करदात्याकडून घेतलेल्या पैशावर पहिला हक्क लढायला जाणाऱ्याचा आहे.