मोबाईल हेंही शेतीचें अवजारच

नांगराचा फाळ मातीसकट ठेवणें शेतकऱ्यास शोभत नाहीं. मोबाईल फोन हेंही आतां शेतीचें अवजारच झालें आहे. परंतु त्याची निगा फारसें कोणी राखीत नाहीं, हें आम्हांस खेदानें नमूद करावें लागतें. फवारणीनंतर साबणानें हात धुतल्यावांचून फोनास स्पर्श करूं नये. तो बंद करून किंचित् ओलसर मऊ फडक्यानें पुसावा.

परंतु विषाइतकाच चोरही घातक आहे. सन २०१९ पासून ‘पीएम-किसान’ योजनेचे वार्षिक ६००० रुपये थेट बँकेच्या खात्यांत जमा होतात. त्याच योजनेच्या नांवानें व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाईल धाडून खातीं लुबाडण्याचे प्रकार घडले आहेत. ती फाईल फोनांत घेऊन मागेल ती परवानगी दिली, कीं आलेला ओटीपी चोरास परस्पर वाचतां येतो. मग तो कोणास न सांगूनही उपयोग होत नाहीं. यास्तव अशी फाईल उघडूंच नये व फोनास कुलूप ठेवावें. फसगत झाल्यास लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. त्वरा केल्यास रक्कम वाटेंतच अडवितां येण्याचा संभव असतो.

‘तें सारें मुलगा पाहतो’ ही सबब आम्हांस मान्य नाहीं. खातें ज्याच्या नांवाचें, जबाबदारीही त्याचीच. धान्याच्या कोठारास कुलूप घालणाऱ्यानें खिशांतील कोठार उघडें टाकूं नये.