पत्त्यांच्या डावात आई-बाबांनी पडू नये

दर उन्हाळ्यात भारतातून आपल्याकडे आजी-आजोबा येतात, व्हिसाचे सहा महिने राहतात, आणि नातवंडांशी बोलणे "जेवलास का?"च्या पुढे सरकत नाही. मग आपण पोराला दटावतो, "जरा त्यांच्याजवळ बस, गप्पा मार." पंधरा-सोळा वर्षांचे पोर सांगून गप्पा मारत नाही. त्याच्या हातात पत्ते द्यावेत आणि आपण तिथून उठावे, असे माझे ठाम मत आहे.

पाच-तीन-दोनच घ्या. तीन भिडू, तीस पाने. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, बाकीच्यांनी तीन आणि दोन. ज्याचे हात कमी पडले, त्याचे पान जास्त हात करणाऱ्याने पुढच्या डावात न बघता ओढायचे आणि बदल्यात आपल्याला नको ते द्यायचे. आमच्याकडे आजोबा नातीच्या पानांच्या पाठीवरून सावकाश बोट फिरवत होते. नजर मात्र तिच्या चेहऱ्यावर. एका पानाशी तिने श्वास रोखला. त्यांनी तेच ओढले. इस्पिकचा एक्का! बदल्यात तिला अठ्ठी मिळाली.

"आजोबा, हे चीटिंग आहे!"

"नाही गं, तूच सांगितलंस मला."

पुढच्या डावात तिने चेहरा दगडासारखा ठेवला. मग तिने विचारले, हे कुठे शिकलात? आजोबा रेल्वेतल्या रात्रपाळ्यांबद्दल बोलू लागले. त्यातले बरेचसे मीही प्रथमच ऐकले.

बुद्धिबळ का नको, असे कुणी विचारेल. तिथे गप्प बसावे लागते. पत्त्यांत हाताबरोबर तोंड चालते. आजोबांनी मुद्दाम हरू मात्र नये. या वयाच्या मुलांना ते लगेच कळते आणि आपल्याला लहान समजतात म्हणून लागते.

काही घरांत पत्ते म्हणजे जुगार. पैसे लावून खेळण्यात संसार बुडालेत, ती भीती खरीच आहे. पण रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटले, आणि आपण तर पैसे लावणारच नाही.

मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात आपण ज्येष्ठांना भजनाच्या खोलीत बसवतो आणि मुलांना जिममध्ये पाठवतो. यंदा कार्यकारिणीने जेवणानंतरचा तासभर जोडीने खेळायच्या मेंढीकोटासाठी राखावा. प्रत्येक जोडीत एक आजी किंवा आजोबा, एक नातवंड. स्वतःचे नसेल तर दुसऱ्याचे चालेल. दुभाषे म्हणून आई-बाबांनी त्या टेबलांजवळ फिरकू नये.