परसातल्या जुन्या झाडांचा जमाखर्च

जुलै महिना उजाडला की महाराष्ट्रात वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होऊ लागतात. २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट राज्य शासनाने ठेवले होते. त्यांतील किती जगली हा वादाचा विषय आहे आणि तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखकास खटकते ते निराळेच. आज लावलेले रोप मोजले जाते, त्याचे छायाचित्र निघते. परंतु घराच्या परसात साठ वर्षे उभ्या असलेल्या झाडाच्या निगेसाठी रुपयाची तरतूद ना सार्वजनिक अंदाजपत्रकात सापडते, ना घरगुती.

अक्कलकुव्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आता ऐरणीवर आला आहे. जुनी कौलारू घरे पडून त्या जागी सिमेंटची घरे उभी राहत आहेत. जुन्या घराच्या मागे कडुनिंब, चिंच किंवा गावठी आंबा हमखास असे. चिंच घराजवळ असू नये, असे सांगणारे शेजारी चिंचा मात्र टोपलीभर मागून नेत. ज्यांनी ही झाडे लावली ते आज नाहीत. ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांतील पुष्कळजण सुरत, अंकलेश्वर, नाशिककडे नोकरीस आहेत. घरी उरलेल्या वृद्धांना पाचोळा झाडणे होत नाही आणि वळवाच्या वादळात फांदी शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडेल ही धास्ती झोप लागू देत नाही. अशा वेळी लाकूडवाला दारात येतो, रोख रक्कम सांगतो आणि व्यवहार अर्ध्या तासात उरकतो. घरमालकास वृक्षद्वेष्टा ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. त्याच्या हाती जो हिशेब आहे त्यात झाडाच्या नावे केवळ खर्चच मांडलेला आहे.

वस्तुतः याच तालुक्यात याच्या उलट हिशेबही पाहावयास मिळतो. मोलगी आणि धडगावच्या बाजूस उन्हाळ्यात गावठी आंब्याच्या कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळविल्या जातात. हे आमचूर आदिवासी कुटुंबाच्या हाती पावसाळ्याच्या तोंडावर रोख पैसा देते. मोहाच्या फुलांचेही तसेच. तेथे जुने झाड हे उत्पन्नाचे साधन म्हणून ओळखले जाते, त्यामुळे ते सहसा विनाकारण तोडले जात नाही. पगारदार वस्तीत मात्र झाडाचे उत्पन्न रुपयांत हाती येत नाही. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा कडुनिंबाखालची खोली किती थंड राहते हे घरातल्या प्रत्येकास ठाऊक असते; पण ती थंडाई कोणी वहीत लिहीत नाही.

ती रुपयांत मांडण्याचे प्रयत्न झाले आहेत. कलकत्ता विद्यापीठाचे प्रा. टी. एम. दास यांनी १९७९ च्या सुमारास पन्नास वर्षांच्या झाडाने दिलेल्या सेवांचे मूल्य सुमारे १५ लाख ७० हजार रुपये काढले होते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात एका झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये धरण्यात आले आणि शंभर वर्षांवरील झाडाचे मूल्य एक कोटीच्या वर जाऊ शकते, असे सांगण्यात आले. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला या आकड्यांविषयी आदर आहे, पण फारसा भरवसा नाही. प्राणवायूची किंमत हवेतून फुकट श्वास घेणाऱ्याकडून वसूल होत नसते. कोट्यधीश झाडाच्या मालकाला त्या झाडावर बँक हजार रुपयांचे कर्ज देणार नाही, आणि लाकूडवाला मात्र नोटा मोजून ठेवतो.

या आकड्यांपेक्षा केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली केलेले निरीक्षण अधिक उपयोगी आहे. ज्याच्या जमिनीवर वनराई वाढते त्याच्या हद्दीबाहेरही हवामानाचा लाभ पोहोचतो आणि त्या लाभाचा मोबदला त्याला मिळत नाही, हे त्यांनी खाजगी व सामाजिक लाभातील तफावतीचे उदाहरण म्हणून दिले होते. परसातल्या चिंचेचे नेमके हेच आहे. सावली अर्ध्या आळीला. पाचोळा, धास्ती आणि छाटणीची मजुरी एकट्या मालकाला. लाभ वाटला जातो, खर्च वाटला जात नाही.

छाटणीच्या या मजुरीचाच विचार थोडा बारकाईने करावयास हवा, कारण जुन्या झाडांची खरी हानी तेथे होते. पुष्कळ ठिकाणी छाटणाऱ्याला पैसे न देता तोडलेले लाकूड हीच मजुरी म्हणून दिली जाते. मालकाला वाटते, काम फुकटात झाले. परंतु ज्याची मजुरी लाकडात आहे तो बारीक, वाळकी फांदी कशाला तोडील? तो जाड, निरोगी फांदीवरच कुऱ्हाड घालणार. झाडाचा शेंडा उडविला जातो, खुंट उरतात, त्यांतून वर्षभरात झाडूसारखे कोंब फुटतात. हे कोंब जुन्या फांदीच्या पोटातून आलेले नसून सालीलगत वरवर चिकटलेले असतात, म्हणून चार-पाच वर्षांनी वजन वाढले की वादळात तेच आधी मोडतात. तेव्हा मालक म्हणतो, झाड धोकादायक झाले. धोका झाडाने निर्माण केलेला नसतो, मजुरीच्या त्या कराराने केलेला असतो.

योग्य छाटणीत गूढ असे काही नाही. फांदी खोडाला मिळते तेथे जरा फुगीर, सुरकुतलेली कडी दिसते. त्या कडीला धक्का न लावता तिच्या बाहेरून करवतीने कापावे. फांदी जड असेल तर आधी हातभर पुढे खालच्या बाजूने अर्धवट काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी राहिलेला खुंट कडीजवळ काढावा. म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. जखमेवर डांबर फासण्याची आपल्याकडे रीत आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील अॅलेक्स शायगो यांनी कित्येक झाडे उभी चिरून अभ्यासली आणि अशा लेपाने कुज थांबत नाही, हे दाखवून दिले. झाड जखम भरून काढीत नाही, ते तिला आतून भिंत घालून बंदिस्त करते. वर सांगितलेली कडी शाबूत राहिली तर ही भिंत चांगली उभी राहते.

मुळांविषयीचे अज्ञान याहून मोठे आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. नव्या घराचा पाया, अंगणातली फरशी, खोडापर्यंत ओतलेले सिमेंट यांनी आधी मुळे गुदमरतात. शेंडा वाळलेला दिसतो तो दोन-तीन वर्षांनी, आणि तोवर कारण विसरलेले असते. दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला होता. अंगणात फरशी घालताना तेवढी जागा सोडावयास खर्च लागत नाही, उलट फरशी वाचते. बुंध्याशी पाचोळा जाळण्याऐवजी तो घेराखाली पसरावा. आंब्यावर बांडगूळ दिसले तर ते फळण्यापूर्वी फांदीच्या तुकड्यासह काढावे, नाहीतर पाखरे त्याचे बी आळीभर नेतात. खोडाच्या छिद्रातून भुसा पडू लागला तर आत भिरूड आहे असे समजून तारेने अळी ओढून काढावी.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ आदी झाडे आहेत. कडुनिंब, वड, पिंपळ नाहीत. आदिवासी खातेदाराची झाडे विकताना त्याची फसवणूक होऊ नये म्हणून १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. नागरी भागासाठी १९७५ चा कायदा असून २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडास वारसा वृक्ष मानले गेले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. साठ वर्षांच्या कडुनिंबाबद्दल साठ रोपे हे गणित कागदावर चोख आहे. मात्र त्या अंगणात साठ रोपांना जागा कोठली, आणि त्यांची सावली पडेल तेव्हा आज उन्हात बसलेला माणूस कोठे असेल? याच नागरी कायद्याने झाडांचे जतन हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्य सांगितले, खर्चाचा भार मात्र त्याच्या एकट्याच्याच माथी राहिला.

तेव्हा मागणी करावयाची ती याच ठिकाणी. पुणे महानगरपालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण राबविणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते. जुने झाड राखणाऱ्या घराला घरपट्टीत तशीच माफक सवलत का असू नये? नियमांत दुरुस्ती लागत असेल तर ती व्हावी. सवलत सरसकट नको. बुंध्याभोवती मोकळी माती आणि शेंडा न उडविलेले झाड, एवढ्या दोन अटी पुरेत, कारण त्या कोणाही कारकुनाला डोळ्यांनी तपासता येतात. छाटणीचे काम रोख मजुरीने व्हावे आणि लाकूड मालकाकडेच राहावे. गावातल्या चार-सहा तरुणांना करवत, दोर आणि कडीची ओळख करून देण्याचे काम नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्राकडे सोपविता येईल; त्यांना वर्षातून दोन-तीन महिने रोजगार मिळेल. सवलतीचा बोजा थोडाफार इतर करदात्यांवर पडेल हे खरे आहे, परंतु सावलीत तेही बसतातच. तालुक्यातील गावांच्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभांपुढे या विषयाचा ठराव मांडता येईल. त्यासाठी आळीतल्या जुन्या झाडांची जात, अंदाजे वय आणि बुंध्याचा घेर यांची यादी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी दोन रविवारांत करू शकतील.