आखाड्यावरचं पिल्लू

कुरुंद्याच्या शिवारात माघ लागला की हळदीची काढणी सुरू होते. मार्गशीर्षात व्यायलेल्या कुत्रीची पिल्लंही नेमकी तेव्हाच दुडूदुडू पळू लागलेली असतात. शेतातल्या आखाड्यावर राखणीला हवं म्हणून कुणीतरी त्यातलं एक उचलतं. अंगानं गुबगुबीत हवं आणि नर हवा, एवढंच बघितलं जातं. माद्या उकिरड्यावर राहतात आणि वर्षभरात त्याच विऊ लागतात. मग गावात कुत्री फार झाली म्हणून ओरड! मादीही तितकीच चोख राखण करते. पशुवैद्यकाकडून तिची नसबंदी करून घ्या, म्हणजे झालं.

दुसरी घाई वयाची. डोळे उघडले की पिल्लू आईपासून तोडायचं, ही आपली रीत चुकीची आहे. निदान आठ आठवडे ते आईजवळच राहू द्यावं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ मोडतो. दात किती लावायचा हे पिल्लाला तिथंच कळतं. लवकर आणलेलं पिल्लू पुढं पोराबाळांच्या पोटऱ्या धरतं. मग लोक म्हणतात, जातच चावरी!

आणल्यावर पहिल्या काही रात्री ते रडणारच. जवळ गोणपाट टाका, माणसाचा वास असलेलं एखादं जुनं धोतर द्या. पुढं चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, आणि ठिबकची नळी त्याला फार आवडते. पाणी सोडल्यावर सरीत कारंजं उडालं की समजायचं. त्याला मारून नळी वाचत नाही. चघळायला जाड दोराची गाठ द्यावी आणि हळद शिजवायचा कुकर पेटलेला असताना त्याला लांब बांधावं. पण तेवढ्यापुरतंच. आखूड साखळीला बारा महिने बांधलं की कुत्रं तिखट होतं, हा समज मला कधीच पटला नाही. ते भेदरट होतं, आणि भेदरलेलं कुत्रं ओळखीच्यालाही चावतं. घरच्यांचंही एकमत हवं. एकानं ताटातला तुकडा टाकायचा आणि दुसऱ्यानं ताटाजवळ आलं म्हणून लाथ घालायची, यात पिल्लानं शिकायचं काय?

ओकारी आणि रक्ताची हगवण सुरू झाली की आपण नजर उतरवतो. तो बहुतेक वेळा पार्वो असतो. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून एक पिल्लू दगावलं त्याच जागी लगेच दुसरं, बिनलसीचं आणू नये. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करायच्या, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायच्या, अधूनमधून जंताचं औषध पाजायचं. तीन महिने झाले की रेबीजची लस, आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

आता चाव्याचं. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती चाव्यावर भरायची वस्तू नव्हे. चटणी आणि चुना तर नाहीच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. 'पिल्लूच तर आहे' म्हणून घरी बसू नये. रेबीज पिल्लालाही होतो, आणि माणसाला लक्षणं दिसू लागल्यावर हाती काही उरत नाही. रेबीजच्या लसीची पहिली सुई सगळेच घेतात. हळद शिजवायच्या गडबडीत पुढच्या चुकतात, तेव्हा त्यांच्या तारखांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथल्या तिथं खुणा करून ठेवाव्यात.