तळघरांत पाणी येतें कोठून?

धुळें आणि जळगांव या दोन्ही जिल्ह्यांत वर्षाकांठीं साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा प्रदेशांत 'घरांत पाणी झालें' ही तक्रार कोंकणच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांच्या वाड्यास तळघर आहे, त्यांच्या ती ओळखीची आहे. वैशाखांत पारा ४५ अंशांकडे झुकला म्हणजे ज्या तळघरांत आजीबाई आणि लहान मुलें दुपार काढतात, तेंच श्रावणांत कुबट होतें. भिंतीस लोणा फुटतो, धान्यास बुरशी येते, आणि एखाद्या रात्रीं घोट्याएवढें पाणी उभें राहतें.

असें झालें कीं घरांत पहिलें अनुमान निघतें, 'खालीं झरा लागला.' मग गवंडी येतो, आंतून सिमेंटचा गिलावा करतो, आणि पुढल्या पावसाळ्यांत तोच गिलावा पापुद्रे धरून गळून पडतो. येथें हेत्वाभास आहे. पाणी जमिनीवर दिसलें म्हणून तें जमिनीखालूनच आलें, असें ठरत नाहीं. पुष्कळ घरीं तें वरून, आपल्याच छपरावरून आणि अंगणांतून आलेलें असतें.

थोडा हिशेब करूं. छपराचें क्षेत्र १०० चौरस मीटर आहे आणि एका दिवसांत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावर ५,००० लिटर पाणी पडलें. पंधरा लिटरांची बादली धरली तर सुमारे ३३३ बादल्या! पन्हळ फुटकी असली, किंवा तिचें तोंड भिंतीच्या पायथ्याशींच उघडत असलें, तर एवढें पाणी आपण आपल्याच हातानें पायांत ओततों.

आतां आपली काळी माती पाहा. ही माती भिजली कीं फुगते आणि वाळली कीं आकसते. उन्हाळ्यांत तिला ज्या भेगा पडतात, त्यांतून पहिल्या पावसाचें पाणी खोल उतरतें. पुढें माती फुगते, भेगा मिटतात, आणि आंत गेलेल्या पाण्यास बाहेर पडावयास वाट उरत नाहीं. शिवाय तळघर बांधतांना भोंवतीं जो खड्डा खणला, तो मागाहून भुसभुशीत मातीनें भरलेला असतो. सभोंवतीं घट्ट जमीन आणि मध्यें हा सैल भराव, म्हणजे भिंतीभोंवतीं जणूं एक पराळ मांडलेली असते. तींत एक मीटर पाणी सांचलें तर तळाशीं दर चौरस मीटरास सुमारे एक टन दाब पडतो. आंतला गिलावा त्यापुढें टिकावा कसा?

म्हणून उपायापूर्वीं निदान करावें. पाऊस सुरू झाल्यावर कांहीं तासांत पाणी दिसलें आणि उघडीप होतांच ओसरलें, तर दोष छपराचा व अंगणाचा. पाणी हळूहळू चढून पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस टिकलें, आणि शेजारच्या आडाची पातळी तळघराच्या जमिनीइतकी वर आली असली, तर तें खरें भूजल. पावसाशीं कांहींच संबंध नसेल, तर मोरी, नळ किंवा शोषखड्डा तपासावा. आणि नुसतीच ओल असेल, तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीस चारी कडांनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूस जमले तर ती हवेंतील वाफ आहे. भिंतीच्या बाजूस जमले तर ओल भिंतींतून येते. पहिल्या प्रकारांत आषाढांत खिडक्या उघड्या टाकणें उलट अपायकारक होतें, कारण बाहेरची दमट हवा थंड भिंतीस लागून तेथेंच थिजते. तळघरास वारा द्यावा तो हिंवाळ्यांत व कोरड्या उन्हाळ्यांत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोशगृहाखालच्या भूमिगृहाचें वर्णन आहे. जेथें पाणी व ओल शिवत नाहीं अशी चौकोनी खांच आधीं खणावी, आणि मग तिच्या बाजू व तळ रुंद शिळांनीं बांधून काढावा, असा तेथला क्रम आहे. आधीं पाणी दूर, मग बांधकाम. आपणही हाच क्रम धरावा. प्रथम पन्हळ साफ करून तिचें पाणी भिंतीपासून निदान दोन मीटर लांब न्यावें. मग अंगणास बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. दोन मीटरांत दहा सेंटिमीटर पुरे. भिंतीलगतचे फुलझाडांचे वाफे आणि भांडीं घासण्याची जागा हलवावी. एवढ्यानें न भागल्यास भिंतीबाहेर पायापर्यंत चर खणून, तळाशीं उतार देऊन तो खडीनें भरावा. मात्र हें काम कोरड्या दिवसांत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, थोडें थोडें करावें. आंतला गिलावा सर्वांत शेवटीं. जुन्या दगडी भिंतीस तो चुन्याचाच बरा, कारण चुना ओलीस बाहेर पडूं देतो.

जिवाच्या दृष्टीनें तीन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पाणी भरलेल्या तळघरांत विजेचा मुख्य खटका बंद केल्याशिवाय पाऊल टाकूं नये. बाहेरची जमीन तुडुंब असतांना पंपानें सगळें पाणी एकदम उपसूं नये. आंतला आधार जाऊन भिंत ढांसळण्याचें भय असतें. आणि भिजलेल्या धान्याच्या बंद पेवांत कोणासही एकदम उतरूं देऊं नये. तेथें विषारी वायु सांचतो, आणि सोडवावयास गेलेला दुसरा माणूसही दगावतो.

नदीकांठच्या घरांस मात्र हे उपाय पुरत नाहींत. १८७२ सालच्या पुरानें धुळ्यांतील घरादारांचें मोठें नुकसान झालें होतें. अशा ठिकाणीं तळघर पावसाळ्यांत रिकामें ठेवणें हेंच शहाणपण. विशेषतः दप्तरें वर हलवावींत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्यें धुळ्यास निवर्तले. घरोघरच्या पेट्यांतील असलीं दप्तरें गोळा करण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. भिजलेलें धान्य पुढल्या सुगीस पुन्हां मिळतें. पणजोबांच्या हातचा कागद मिळत नाहीं. जुने लेखकही पोथीच्या शेवटीं तिला पाण्यापासून राखण्याची विनवणी करीत, ती उगीच नव्हे.

एकत्र कुटुंबांत अडचण ज्ञानाची नसते; काम कोणाचें, हें ठरलेलें नसतें. थोरले म्हणतात धाकटे पाहतील, धाकट्यांस वाटतें थोरल्यांनीं सांगितलें नाहीं, आणि दोन घरांमधली बोळांतली नाली तर दोघांचीही नसते. यास्तव आखाजीचा सण आटोपला कीं एका कर्त्या माणसाच्या नांवानें हें काम नेमून द्यावें, शेजाऱ्यासही बोलवावें, आणि मृग लागण्यापूर्वीं पन्हळीवर चार घागरी पाणी ओतून तें कोठें जातें, हें सर्वांनीं उभें राहून पाहावें.