रक्तातील इशारा आणि उपनगरातील रुग्ण

परळच्या केईएम रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. त्या पराक्रमाचा मुंबईकरांना रास्त अभिमान आहे. परंतु झडपेच्या विकाराने दमलेला मुलुंडचा कारकून वेळेवर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो की नाही, हीच आरोग्यव्यवस्थेची खरी कसोटी होय.

या विकारात कळीचा प्रश्न वेळेचाच असतो. शस्त्रक्रियेची घाई केली तर कृत्रिम झडपेचे धोके विनाकारण पदरी पडतात. फार उशीर झाला तर हृदयाचा स्नायू कायमचा दुबळा होतो. येथे रक्ताची एक तपासणी उपयोगी पडते. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की स्नायूपेशी 'बीएनपी' नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. जपानी संशोधकांना ते १९८८ साली प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले. महाधमनीची झडप अतिशय अरुंद झाली, पण रुग्णाला त्रास जाणवत नाही, अशा वेळी हे प्रमाण अपेक्षेच्या तिपटीहून अधिक असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे अमेरिकेची (२०२०) व युरोपची (२०२१) मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

मात्र हा आधार मुख्यतः वृद्धांच्या विकाराचा आहे. आपल्याकडे बालपणीच्या घशाच्या संसर्गातून उद्भवणाऱ्या संधिवाती ज्वराने अनेकांची मायट्रल झडप ऐन तारुण्यात आकसते. तेथे ताण प्रथम डाव्या जवनिकेवर न येता कर्णिकेवर व फुप्फुसांवर येतो. म्हणून हा आकडा तितका बोलका ठरत नाही. शिवाय वय, मूत्रपिंडाचा विकार आणि अनियमित ठोके यांनीही तो वाढतो, तर स्थूल माणसात तो फसवा कमी दिसतो.

माहितीचे मोल तिच्या किमतीवर ठरत नाही. तिच्यामुळे कोणता निर्णय बदलतो यावर ठरते, असे अर्थशास्त्र सांगते. ज्याची टू-डी इको तपासणीच झालेली नाही, त्याच्या हाती बीएनपीचा आकडा देणे म्हणजे पाया न घालता कळस चढविणे होय. तेव्हा क्रम असा असावा: घसादुखीवर वेळीच पेनिसिलीन, संशय येताच इको, आणि मग निवडक रुग्णांसाठी ही रक्ततपासणी. घाटकोपरच्या राजावाडीत किंवा अंधेरीकरांच्या कूपर रुग्णालयात या तपासण्या एकाच खेपेत, परवडणाऱ्या दरात व्हाव्यात. रोजंदारीवर पोट असणाऱ्याला परळची प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी असते. ती वाचवण्यासाठी तो पुढची फेरी टाळतो आणि रक्ताने दिलेला इशारा वाचायला कोणीच उरत नाही.